सोळावा वाटा

मोताळ्याच्या बाजारातून कोणी बाई डोक्यावर टोपली घेऊन परत येताना दिसली की आमचे धाकले भाऊजी तिला रस्त्यात थांबवायचे आणि विचारायचे, "काऊन घेतलं वो हे?" केवढ्याला घेतलं, हे सगळेच विचारतात. का घेतलं, असं विचारणारा माणूस मी त्यांच्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. बाया आधी बुजायच्या, मग चिडायच्या.

"तुम्हाले काय करायचं शास्त्रीबोवा? तुमच्या बायकोले न्यायचं हाय का?"

"बायको नाही मले. काऊन घेतलं ते सांग."

"मनात आलं, घेतलं."

"मनात आजच काऊन आलं? मागच्या बाजारी काऊन नाही आलं?"

मग ती बाई टोपली उतरवून विचार करायची. मागच्या बाजारी घरात मीठ नव्हतं, मिरची नव्हती. आज दोन्ही आहे, म्हणून काकणं घेतली. एवढं तिच्या तोंडून निघालं की भाऊजींना कोण आनंद व्हायचा! जणू तिने त्यांनाच काकणं भरली. "बरोबर! अगदी बरोबर!" म्हणत ते तिची टोपली पुन्हा तिच्या डोक्यावर चढवून द्यायचे. चांगल्या घरचा शिकलेला माणूस मजुरणीच्या टोपलीला हात लावतो, याचंच गावाला नवल वाटायचं.

भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे पाठचे भाऊ. नागपूरच्या कॉलेजात जाऊन ते अर्थशास्त्र शिकून आले, म्हणून गावाने त्यांचं नाव शास्त्री पाडलं. कुणब्याच्या घरात शास्त्री निपजला म्हणून ओसरीवर बसणारे हसत. भाऊजीही त्यांच्याबरोबर हसत. कोणी आपल्याला हसलं तर रागवायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नसावं. त्यांच्या वाट्याचा राग माझ्याकडे साठत गेला. आता ते नाहीत, आणि लोक त्यांच्याविषयी भलतंच काही बोलतात. ते मला सहन होत नाही. मी चार इयत्ता शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी बाई. तोंडाने जमत नाही, म्हणून लिहिते.

त्यांचा आणि माझा परिचय झाला तो एका बशीवरून. लग्नाला दोन वर्षं झाली होती. धामणगाव बढ्याच्या एका दुकानात मी चिनी मातीची एक बशी पाहिली. पांढरी, मधोमध निळं फूल. माहेरहून आलेल्या ओवाळणीच्या पैशातून ती घेतली. घरी आल्यावर यजमान म्हणाले, "घरात चहा होत नाही, कप नाही, अन् बशी कायले आणली? बायकाच्या हाती पैसा देणंच चुकीचं हाय." मामाजींनीही, म्हणजे सासऱ्यांनी, मान हलवली. मी दाराआड उभी होते. भाऊजी जेवत होते. ते घास तोंडात तसाच ठेवून म्हणाले, "दादा, तुम्ही मागच्या महिन्यात बैलाले नवी झूल घेतली. बैल काय लग्नाले चालला होता?"

"झूल दिसते चारचौघात."

"बशी वहिनीले दिसते. तिनं स्वतःच्या जिवाशी तोलून घेतली. तोलणं तिचं, जीव तिचा, तुम्ही कोन तराजू धरणारे?"

मी तोवर घरात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं की बाई काही घेते त्यामागे तोलणं असतं. लहर असते, हट्ट असतो, अक्कल कमी असते, हेच ऐकलं होतं. ती बशी मी पुष्कळ वर्षं वापरली. लोणचं वाढायची तिच्यात. एकदा मांजराने पाडली आणि संपली.

पोळ्याच्या दिवशी मात्र त्यांनी सासूबाईंना दुखवलं. पुरणपोळ्या होत होत्या. भाऊजी पाटावर बसले आणि पहिली पोळी खाऊन म्हणाले, "आत्ता हिची गोडी ध्यानात ठेवतो." दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली, आणि चौथी अर्धी झाल्यावर हात थांबवून गंभीरपणे म्हणाले, "आई, ही पहिलीइतकी गोड नाही."

सासूबाई चुलीपुढून उठल्या. "एकाच पुरणाच्या हायेत मेल्या! काय वाईट हाय तिच्यात?"

"पोळीत वाईट नाही काही. माणसाचं असंच असते. पहिल्या वस्तूची जी किंमत वाटते, ती चौथीची वाटत नाही."

"मंग चौथी वाढून घेतली काऊन?"

"तपासून पाहाले."

"बाहीर जाऊन तपास. इथं सकाळपासून कंबर मोडून राह्यली मायी, अन् हा तपासून राह्यला!"

सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला हळूच विचारलं, "सूनबाई, खरंच चौथी कमी गोड लागते का वो?" मी म्हटलं, मला कधी चौथी मिळालीच नाही, मला काय माहीत. पुढच्या सणाला त्यांनी मला पुरुषांच्या पंगतीआधी एक पोळी दिली, गरम, तुपाची. हेही भाऊजींमुळेच म्हणायचं.

एका गोष्टीचं उत्तर त्यांना देता आलं नाही. माझ्या बाळंतपणात दळायला एक बाई येत होती. पायलीमागे तिला ज्वारी द्यायची असा ठराव होता. मी उठून जात्यावर बसले, आणि तिची ज्वारी बंद झाली. पीठ तेच, जातं तेच, भाकरी तीच. एकदा ते ओसरीत बसून मजुरीचा भाव कसा ठरतो ते यजमानांना समजावत होते. कष्ट, गरज, माणसं किती, काम किती. मी आतून, जात्याच्या खुंट्याला धरून विचारलं, "भाऊजी, मग घरच्या बाईच्या दळणाचा भाव काय?"

यजमान म्हणाले, "हिले काय झालं आज?"

भाऊजी मात्र उठून पेटीकडे गेले. दोन दिवस त्यांनी पेटीतली पुस्तकं उपसली. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, पाह्यलं. कुठं नाही दिलेलं."

"राहू द्या," मी म्हटलं.

"राहू कायले द्या? नाही दिलं हे काही बरोबर नाही." आणि ते खरोखरच चिडल्यासारखे दिसले. पुस्तक लिहिणाऱ्यावर चिडलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

आता त्या वर्षाचं सांगते, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

आमच्याकडे कापसाची वेचणी बायाच करतात आणि मजुरी कापसातच घेतात. संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आपापला कापूस ओतायचा आणि सारखे ढीग घालायचे. त्याला वाटे म्हणतात. सुरुवातीला सोळा वाटे घालून पंधरा मालकाचे आणि सोळावा वेचणारणीचा, अशी रीत होती. पुढे बोंडं एकदम फुटली आणि बाया कमी पडल्या की कोणी बारावा देई, कोणी दहावाही देई. बाराच वाटे घातले की एकेक वाटा मोठा होतो. त्या वाट्याच्या कापसावर बाया बाजारातून मीठमिरची, लुगडं, पोरांचे सदरे आणायच्या. त्यांचं वर्ष त्या एका ढिगावर उभं असायचं.

वेचणीला हात लावण्याआधी शेतात सीतादही होतं. घरची सवाष्ण दहीभाताचं मडकं घेऊन शेतात जाते. झाडाखाली पाच खडे मांडून हळदीकुंकू वाहते, चार दिशांना दहीभात टाकते, आणि मग वेचणाऱ्या बायांच्या ओंजळीत आपल्या हाताने तो वाढते. ज्या बाईने ज्या शेतातला दहीभात खाल्ला, तिने त्या शेताची शेवटची वेचणी होईपर्यंत दुसऱ्याच्या शेतात जायचं नाही. अन्न खाऊन उठून जाणं म्हणजे सीतामाईची शपथ मोडणं. म्हणून बाया दहीभात खाण्याआधी वाटा बोलून घेत. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून आमच्या शेतातलं सीतादही माझ्याकडे होतं.

त्या वर्षी पाऊस हवा तसा पडला. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कमरेच्या वर गेली होती. आणि मलकापूरकडे कापसाचे कारखाने वाढल्यामुळे गावातल्या पुष्कळ बाया तिकडे कामाला गेल्या होत्या. भाऊजी तेव्हा परीक्षा देऊन नोकरीची वाट बघत घरी होते. हे सगळं पाहून त्यांना राहवेना. आमच्याकडे वेचणाऱ्या बायांची जी पुढारीण होती, गिरजामाय, तिच्या अंगणात जाऊन ते बसले. मी तिच्याकडे विरजण मागायला गेले होते, म्हणून मी तिथेच होते.

"गिरजामाय, यंदा आधी वाटा बोलू नोका."

"अन् मंग?"

"आज बोलाल तर सोळाव्यालेच बांधल्या जाल. बोंडं फुटू द्या. कापूस डोंगराएवढा हाय, हात थोडे हायेत. मालकच मांगून मांगून येईन. दहावा मिळंन तुम्हाले, आठवाही मिळंन."

"खरंच म्हणता भाऊ?"

"हे जगभर असंच चालते. वस्तू कमी अन् गिऱ्हाइक जास्त, का भाव चढतेच."

बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, "आठवा भेटला तं मी शास्त्रीबोवाले लाडू चारीन!" दुसरी म्हणाली, "चौथा लाडू नोको चारू वो, तो त्याहीले गोड लागत नाही!" पुरणपोळीची गोष्ट गावभर झाली होती. भाऊजी सगळ्यांत मोठ्याने हसले. गिरजामायच्या मनात त्या वर्षी पोरीला सासरी पाठवायचं होतं. पोरीच्या अंगावर धड लुगडं नव्हतं, आणि फाटक्या लुगड्यात सासरी धाडणार नाही असं तिने जावयाच्या माणसांना सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही शिकले सवरले, खोटं थोडंच सांगान." आणि तसंच ठरलं. आमच्याच नव्हे, गावातल्या सगळ्याच बायांनी त्या वर्षी वाटा बोलला नाही.

सीतादहीच्या सकाळी मी मडकं घेऊन गेले. पूजा केली. बायांच्या ओंजळीत दहीभात वाढला. गाणी म्हणत त्या खात होत्या. मामाजी गाडीवर बसून बघत होते. कधी न हसणारे मामाजी त्या दिवशी हसत होते. मला वाटलं, पीक चांगलं आहे म्हणून.

दुपारी आमच्या ओसरीवर पाटील आले, मागोमाग गावातले सगळे शेतवाले आले. सुपारी फिरली. मग पाटलांनी सांगितलं की यंदा शेवटच्या वेचणीपर्यंत सोळावाच वाटा राहील. जो कोणी जास्त देईल, त्याच्या बैलांना गावच्या हाळावर पाणी नाही आणि त्याच्या घरच्या लग्नाला गावातलं माणूस नाही. कोणी चकार शब्द काढला नाही. त्यांचं आधीच ठरलेलं होतं. बाया यंदा आधी बोलणार नाहीत, हे कळल्याबरोबर त्यांनी ठरवलं होतं, आणि सकाळचं सीतादही होईपर्यंत तोंड बंद ठेवलं होतं.

भाऊजी उठून उभे राहिले. मी आतून त्यांची पाठ पाहत होते.

"काका, असं नाही करता येत. भाव मागणी-पुरवठ्यानं ठरते."

पाटील अडकित्ता खाली न ठेवता म्हणाले, "मंग तसाच तर ठरला. मागणी म्हंजे आम्हीच ना? हे पाहा, सगळी मागणी तुह्या बापाच्या ओसरीवर बसली हाय."

सगळे हसले.

"आणि पुरवठा?" भाऊजींचा आवाज चिरकला.

"पुरवठ्यानं सकायीच दहीभात खाल्ला!"

इतकं हसू त्या ओसरीवर पुन्हा कधी ऐकू आलं नाही. कोणी मांडीवर थाप मारली. कोणी म्हणालं, "शास्त्री, तुह्या पुस्तकात दहीभात हाय का बे?" मामाजी डोळे पुसत होते हसून हसून. माझे यजमानही हसत होते. भाऊजी पहिल्यांदा त्यांच्यात हसले नाहीत. मी कढईतलं उलथनं तसंच हातात घेऊन उभी होते. तो दहीभात मी लावला होता. आदल्या रात्री दही विरजून, पहाटे उठून भात शिजवून, मीठ बघून, माझ्या हाताने वाढला होता. सीतामाईचं नाव घेऊन वाढला होता. या माणसांनी त्याचा फास केला. देवाच्या अन्नाने बायांचे पाय बांधले आणि वर त्याला बाजाराचा नियम म्हटलं.

आणि हेच लोक कसं बोलतात पाहा. कापसाचा भाव मुंबईला पडला की सगळ्यांनी म्हणायचं, काय करणार, बाजारच तसा आहे. बायांचा वाटा वाढायची वेळ आली की म्हणायचं, बाया माजल्या. बाजार खाली जातो तेव्हा देवाचा, आणि वर जातो तेव्हा बायांचा माज!

भाऊजी तसेच शेतात गेले. दुपारच्या भाकऱ्या घेऊन मीही मागोमाग गेले. त्यांनी बायांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "मायंच चुकलं," म्हणाले. "मले वाटलं नव्हतं का हे सगळे एक होतीन. तुम्ही उठा. आत्ताच्या आत्ता उठून घरी जा. कापूस झाडावर लोंबू द्या, मंग येतीन ताळ्यावर."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. गिरजामायने ओटीतला कापूस दाबत दाबत म्हटलं, "पोटात सीतेचा भात हाय भाऊ. कशा उठू?"

"ती शपथ फसवून घेतली."

"फसवलं माणसानं. भात तं देवीचाच होता ना." आणि तिने पुढच्या बोंडाला हात घातला. थोड्या वेळाने तिच्या तोंडून इतकंच निघालं, "पोरीचं राह्यलं मंग औंदा." ती भाऊजींना एकही वाकडा शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते मला पुढे म्हणाले.

मग भाऊजींनी जे केलं ते आमच्या गावात कोणा पुरुषाने केलं नव्हतं. त्यांनी उपरणं कमरेला बांधून त्याची ओटी केली आणि गिरजामायच्या शेजारची ओळ धरून वेचायला लागले. कापूस वेचणं बायांचं काम. मालकाच्या पोराने ते करायचं म्हणजे तोंडाला काळं फासून घेणं. त्यांना ते धड येतही नव्हतं. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटात घुसून रक्त यायचं. कापसाबरोबर पालापाचोळा निघायचा.

"भाऊ, असं ओरबाडू नोका. बोटाच्या टोकानं वरच्या वर घ्या."

"असं?"

"असं नाही हो! गायीचं दूध काढून राह्यले का?"

इतक्या दुःखातही बायांना हसू फुटलं. संध्याकाळी त्यांनीही धुऱ्यावर आपला ढीग ओतला, सोळा वाटे घातले, पंधरा बापाच्या गाडीत टाकले आणि सोळावा उचलून गिरजामायच्या पदरात घातला. एवढासा तो ढीग. उशीही भरली नसती. मामाजी गाडीपाशी उभे होते. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "नागपूरले पैसा घालून म्या बाई शिकवली का रे?"

दुसऱ्या दिवशी भाऊजी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही गेले. मग मामाजींनी त्यांना सांगितलं की शेतात पाय ठेवायचा असेल तर घरात ठेवायचा नाही. भाऊजींनी पेटी बांधली. मागच्या दारी, गोठ्याच्या बाजूने, ते माझा निरोप घ्यायला आले. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"वहिनी, मले वाटे भाव म्हंजे पाण्यासारखा असते. उताराकडे जाणारच. मधात बांध घालणारे बसले असतीन, हे मी पाह्यलंच नाही."

मला पुष्कळ बोलायचं होतं. बांध मातीचा असतो, तो फुटतो, असं काहीतरी. पण माझ्या तोंडून एवढंच निघालं, "भाकर बांधून देऊ का?" ते हो म्हणाले. भाकर आणि ठेचा बांधून दिला. खामगावला एका शाळेत त्यांना मास्तरकी मिळाली.

ते वर्ष मला सरता सरेना. गिरजामायची पोर माहेरीच राहिली, आणि लोक म्हणाले, नवऱ्याने टाकली. पाटलांच्या घरी मात्र त्या वर्षी नवा बंगई झोपाळा आला. का घेतला, असं त्यांना रस्त्यात थांबवून विचारायला कोणी उरलं नव्हतं.

पुढच्या वर्षी पुन्हा सीतादही आलं. गावातल्या शेतवाल्यांनी आदल्याच आठवड्यात आमच्या ओसरीवर बसून सोळावा ठरवला होता, आणि बायांनी आधी वाटा विचारला तर 'पाहू, आधी देवीचं होऊ द्या' म्हणायचं असंही ठरवलं होतं. मी आत भाकऱ्या थापत ऐकत होते. मी काहीही मनाशी योजलं नव्हतं. खरं सांगते, काही योजण्याइतकी माझी छातीच नव्हती.

मडकं घेऊन शेतात गेले. खडे मांडले, हळदीकुंकू वाहिलं. चार दिशांना दहीभात टाकला. बाया ओंजळी पुढे करून बसल्या. गिरजामायने विचारलं, "मालक, वाटा?" मामाजी गाडीवरून म्हणाले, "आधी देवीचं होऊ द्या." आणि मला म्हणाले, "वाढा सूनबाई."

मी मडकं उचललं. हात मडक्यात जाईना. मी नुसती उभी राहिले.

"वाढा ना!"

मी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला आणि म्हणाले, "आधी वाटा बोला." ते इतकं हळू होतं की फक्त गिरजामायला ऐकू गेलं. ती उठून उभी राहिली आणि सगळ्या शेताला ऐकू जाईल असं ओरडली, "सूनबाई म्हणतेत, आधी वाटा बोला!"

मामाजी गाडीवरून खाली उतरले. मला काय काय बोलले ते लिहीत नाही. मग गड्याला म्हणाले, "गाडी घेऊन जा अन् तिच्या सासूले घेऊन ये. ती वाढीन." गाडी गेली. मी मडकं खाली ठेवलं नाही. पूजा होऊन उचललेलं मडकं वाढण्याआधी पुन्हा जमिनीवर ठेवलं की ते बाटतं, दुसरं लावावं लागतं. आणि दुसरं सासूबाईंनी लावलं असतं, मग माझ्या हातात काहीच उरलं नसतं. ऊन चढत होतं. खांदे भरून आले. बाया ओंजळी पुढे करून तशाच बसून होत्या, एकीनेही हात मागे घेतला नाही. आभाळात पश्चिमेकडून ढग येत होते, आणि मामाजी एकदा ढगाकडे, एकदा पांढऱ्या झालेल्या पऱ्हाटीकडे बघत होते. फुटलेल्या कापसावर पाणी पडलं की त्याची माती होते.

गाडी परत आली ती रिकामीच. गड्याने धुऱ्यावरूनच निरोप सांगितला, "आईसाहेब म्हणाल्या, गुडघे येऊ देत नाहीत म्हणून."

त्या दिवशी सकाळी सासूबाई त्याच गुडघ्यांनी महादेवाला जाऊन आल्या होत्या.

मामाजींनी पुन्हा एकदा ढगाकडे पाहिलं. मग दुसरीकडे तोंड करून म्हणाले, "बारावा."

"शेवटलोक?" गिरजामायने शेवटच्या वेचणीपर्यंतचं विचारून घेतलं.

"शेवटलोक."

मी वाढला. मडकं धरून हात इतके बधिर झाले होते की अर्धा भात ओंजळीबाहेर सांडला. बाया तो मातीतून वेचून खात होत्या.

आमच्या शेतात बारावा झाल्याचं कळताच शेजारच्या शेतातल्या बायांनी दहीभातापुढे ओंजळी धरल्या नाहीत. ढग डोक्यावर होते. संध्याकाळपर्यंत पाटलांनाही बारावा बोलावा लागला. कोणाच्या बैलांचं पाणी तुटलं नाही. तोडणार कोण? सगळेच दोषी. यजमान माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. गिरजामायची पोर नव्या हिरव्या लुगड्यात सासरी गेली. जाताना ती आमच्या मागच्या दारी पाया पडायला आली, तेव्हा मी तिला विचारलं नाही की हिरवंच का घेतलं. तिनेच सांगितलं. नवऱ्याला आवडतं म्हणून.

भाऊजी पुढे दोन वर्षांनी, सासूबाई गेल्या तेव्हा, घरी आले. तेरावं झाल्यावर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि मला ती सगळी हकीकत सांगायला लावली. कोण कुठे उभं होतं, मामाजी नक्की काय म्हणाले, ढग किती जवळ होते. आईच्या निरोपाशी आले की "पुन्हा सांगा" म्हणायचे. हसायचे आणि डोळे पुसायचे. माझ्या आयुष्यात इतका वेळ माझं बोलणं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. मध्येच मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं ते खरं झालं भाऊजी. हात थोडे होते, भाव चढला." ते मान हलवून म्हणाले, "माया सांगण्यानं एका पोरीचं वर्ष गेलं वहिनी. ते नाही भरून आलं." गावात असेपर्यंत ते गिरजामायच्या घरावरून जाताना मान खाली घालत. तिनेच एकदा हाक मारून बसवलं आणि लाडू दिले.

यंदाच्या उन्हाळ्यात ते खामगावला वारले. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. आमच्या ओसरीवर लोक भेटायला आले. पाटलांचा थोरला मुलगा आता पाटील आहे. तो हळहळून म्हणाला, "मोठा विद्वान माणूस गेला. त्याहीनं तेव्हाच सांगतलं होतं का वाटा वाढंन म्हणून. अन् पाहा, काळ बदलला, आपोआप वाढला." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातले निम्मे त्या दुपारी याच ओसरीवर मांडीवर थापा मारत होते. माझे यजमानही म्हणाले, "हो, आपोआपच."

मी आत चहा करत होते. कप भरले, ताटात मांडले. पण ताट घेऊन बाहेर गेले नाही. चुलीपाशी बसून राहिले. बाहेरून दोनदा हाक आली, तरी उठले नाही. म्हटलं, पाहू, चहा आपोआप बाहेर जातो का.